लाल पेन्सिलीखालचं हेरात

दाजींची आणि माझी शेवटची भेट झाली ती एका सोमवारी, सावेडीतल्या त्यांच्या घराच्या ओट्यावर. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. नेहमीप्रमाणे माझा चहा कपात आला आणि त्यांचा त्यांच्या निळ्या ग्लासात. तो ग्लास हेरातचा. अफगाणिस्तानात पश्चिमेला, इराणच्या अंगाला, हेरात नावाचं जुनं शहर आहे. तिथे दाजींनी सहा वर्षं नोकरी केली आणि येताना हा एक ग्लास लुंगीत गुंडाळून आणला. बुडाशी किंचित तिरका, अंगात बुडबुडे असलेला. बाजारात आपण असा ग्लास परत करू. चहा अर्धा झाल्यावर दाजी म्हणाले, "मास्तर, ती वही तेवढी परत द्या की." मी म्हणालो, "दाजी, छापायला द्यायची तर शेवटचा हात फिरवायला नको का?" "छापायचं राहू द्या वो. वही द्या. त्या नासिरचा..." मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. सहा वर्षं लिहीत होतात, मला दोन वर्षांत कसले हिशेब विचारता, असं काहीतरी म्हणून त्यांची चेष्टा केली. ते हसले. माझ्या चेष्टेला ते कायम हसत. "बरं," म्हणाले, "शुक्रवारच्या आत द्या म्हंजे झालं." गुरुवारी सकाळी झाडांना पाणी घालता घालता ते पायरीवर टेकले आणि उठलेच नाहीत. अक्काचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून रिक्षा पकडली.

आज तीन महिने होतील. दहाव्याला नेवाशाला प्रवरेवर गेलो होतो तेव्हा मी कुणाशी धड बोललो नाही. लोकांना वाटलं, मेव्हण्याला फार लागलं. लागलं होतंच, पण त्यात आणखी एक गोष्ट होती. ती वही माझ्या कपाटात होती आणि तिच्या पानोपानी माझी लाल पेन्सिल फिरलेली होती. दाजींनी ती पानं बघू नयेत म्हणूनच मी परत द्यायला टाळत होतो. हे आता सांगायला हरकत नाही, कारण रागावायला ते नाहीत. आणि असते तरी रागावले नसते, हे जास्त छळतं.

दाजी मूळचे नेवासे तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरातले. डिप्लोमा करून सर्व्हेअर झाले. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी. त्यामुळे लग्नानंतरची काही वर्षं मी त्यांच्या 'हाय' आणि 'न्हाई'ला मनातल्या मनात लाल रेघा मारत असे. त्यांना ते कळत असावं. मुद्दाम माझ्यासमोर ते जास्त गावरान बोलत. हेरातच्या पूर्वेला डोंगरात भारताच्या मदतीने एक धरण बांधलं जात होतं, त्यासाठी माणसं हवी होती. दाजींनी अर्ज केला. घरात कुणालाच पटलं नाही. अक्का आठवडाभर बोलली नाही. मी त्यांना नकाशा दाखवून विचारलं, हे कुठे आहे ठाऊक तरी आहे का? दाजी म्हणाले, "मास्तर, पानी अडवायचं हाय ना? मग डोंगर कुनाचा का आसंना."

साइट शहरापासून बरीच लांब होती, पण कंपनीचं ऑफिस शहरात होतं आणि महिन्यातले काही दिवस दाजींना तिथे नकाशांच्या कामाला यावं लागे. शुक्रवारी सुटी. इतर मंडळी खोलीत पत्ते कुटत, दाजी भटकत. सोबत नासिर नावाचा ड्रायव्हर. तिशीचा, सिनेमे बघून बघून हिंदी शिकलेला. सुटीवर नगरला आले की दाजी हेरात सांगत बसायचे. तिथले जुने मनोरे, धुराड्यासारखे उंच. त्यातला एक इतका कलला आहे की लोखंडी दोर बांधून उभा ठेवलाय. दाजींनी म्हणे एका शुक्रवारी नुसत्या नजरेने त्याचा कल मोजला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातलं मोजणीचं यंत्र लावून ताडून पाहिला. मोठ्या मशिदीच्या आवारातच फरशीचा कारखाना आहे. भिंतीवरच्या रंगीत फरश्या थंडीवाऱ्यात पडतात, त्या तिथे नव्याने करतात. एकीकडून बदलत जावं आणि दुसरीकडून पडत यावं, असं शेकडो वर्षं चाललंय. फरशीचे तुकडे छिन्नीने नखाएवढे कातून नक्षी मांडायची ती पालथी. तोंड खाली, पाठ वर. मागून चुना-गिलावा ओतून तो सुकला की मग उलटायची. "म्हंजे काम चालू असताना कारागिराला नुसती पाठच दिसती," दाजी सांगायचे, "अन् तरी एक पाकळी हुकत न्हाई." रेशीम विणणारे होते, मागावर खड्ड्यात पाय सोडून बसणारे. एके काळी राजे-राण्यांनी तिथे चित्रकार आणि सुलेखन करणारे पोसले होते, आणि तिकडची माणसं पोटापाण्यासाठी थेट आपल्या दख्खनच्या सुलतानांकडे चाकरीला येत. दाजींना याचं फार कौतुक. बाजार, दुकान, कारखाना, दस्तुर, शागीर्द... अर्धी भाषा तर नगरच्या कचेरीतच शिकून गेलो होतो, म्हणायचे.

पण त्यांचं खरं मन बसलं काचेच्या भट्टीवर. नासिरचे वडील उस्ताद रहीम हे काच फुंकणारे. शहरात पूर्वी अशा बऱ्याच भट्ट्या होत्या, दाजी तिथे पोचले तेव्हा मोजून एक-दोन. नदीच्या पात्रातला पांढरा दगड कुटायचा, माळावरचं एक झुडूप जाळून त्याची राख घ्यायची, निळ्या रंगासाठी तांब्याच्या जुन्या तारा टाकायच्या आणि मातीच्या भट्टीत वितळवायचं. लोखंडी नळीच्या टोकाला गोळा उचलून फुंक मारायची. दाजींच्या मामांचं श्रीगोंद्याला गुऱ्हाळ होतं, लहानपण त्या काहिलीच्या कडेला गेलेलं. त्यामुळे उस्तादांना बघून त्यांना पहिल्यांदा आठवला तो मामांचा गुळव्या, पाकाकडे नुसतं बघून 'आता उतरवा' म्हणणारा. दाजींनी हे उस्तादांना सांगितलं. ऊस, पाक, गूळ, सगळं हातवारे करून. उस्तादांना गूळ खायची इच्छा झाली. पुढच्या सुटीवरून जाताना दाजी दोन किलोची ढेप घेऊन गेले, आणि त्यानंतर उस्तादांनी त्यांच्यापासून काही लपवलं नाही.

नासिर मात्र आत येत नसे. त्याला भट्टीचा तिटकारा होता. धूर, भाजलेले हात, आणि दिवसभर राबून तयार झालेले ग्लास कुणी घेईना. तो बाहेर गाडीत बसून हिंदी गाणी ऐके. एक दिवस उस्ताद दाजींना म्हणाले, माझ्या पोरांपैकी कुणी ही नळी तोंडाला लावणार नाही. तू लिहितोस ना? लिहून ठेव. दाजी म्हणाले, मला तुमची लिपी येत नाही. उस्ताद म्हणाले, तुझ्या लिपीत लिही, काच काय वाचून बघणार आहे? दाजींची लांब आकाराची, पुठ्ठ्याच्या बांधणीची एक वही होती, हेरातची वर्णनं लिहायची. तेव्हापासून शहरात असतील त्या शुक्रवारी ते तिच्यात भट्टीही लिहू लागले. अफगाणिस्तानातल्या एका काचकामाची सगळी विद्या नेवाशाकडच्या मराठीत उतरली.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी वही माझ्या हातात दिली. "मास्तर, जरा नीट करून द्या, पुस्तक निघतंय का बघू." माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. मी लाल पेन्सिलीला टोक केलं आणि बसलो. सुरुवातीची हेरातची वर्णनं सुरेख होती, तिथे मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. मग सुरू झाले भट्टीचे शुक्रवार. एकामागून एक तेच ते. 'शुक्रवार. वारा नाही. तोंड दुसऱ्या सकाळी उघडलं.' 'शुक्रवार. वारा सुटलाय. तोंड तीन दिवस लिंपून ठेवलं.' 'शुक्रवार. थंडी लई. चार दिवस.' आणि मध्येच गूळ, मामा, गुळव्या. मला वाटलं, वाचक झोपेल. पाचव्या शुक्रवारनंतर मी उभ्या रेघा मारत सुटलो. गुऱ्हाळ तर सगळंच काढलं. एका ठिकाणी समासात लिहिलं, 'एक दिवस, तीन दिवस की चार? एकदा काय ते ठरवा.' चाळीस वर्षं पोरांचे निबंध तपासलेल्या माणसाचा हात तो, त्याला थांबायचं माहीत नव्हतं. पुढे तर मीच कंटाळलो. शेवटची वीसेक पानं राहिली, ती राहिलीच.

वही माझ्याकडे येण्याआधी आणि नंतरही बरंच काही झालं होतं. धरण पूर्ण होऊन दाजी परत आले. उस्ताद गेले. मग तिथे राजवट बदलली, नासिरचं काम सुटलं. पुढे हेरातच्या भागात मोठा भूकंप झाला तेव्हा दाजी चार दिवस फोन लावत होते. लागला तेव्हा कळलं, माणसं वाचली, घराची एक भिंत गेली आणि बापाची भट्टी बसली. दाजी त्या दिवशीच काय ते जेवले, असं अक्का सांगते. इतकंच मला ठाऊक होतं. त्यापुढचं मला विचारायचं सुचलं नाही आणि त्या सोमवारी ते सांगायला लागले तर मी त्यांचं तोंड बंद केलं.

दाजी जाऊन पाच आठवडे झाले होते. शुक्रवारची दुपार. अक्का रिक्षा करून माझ्याकडे आली, हातात दाजींचा मोबाईल. "अरुण, हा वाजतोय सकाळपासून. बाहेरच्या देशातला दिसतोय. मला बोलायचं धाडस होईना." तेवढ्यात परत वाजला. उचलला तर पडद्यावर दाढीवाला, चाळिशी ओलांडलेला माणूस. "दत्तासाहब?" मी सांगितलं, साहब राहिले नाहीत. त्याने छातीवर हात ठेवला आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटला. मग म्हणाला, मी नासिर. त्याचं हिंदी अजून सिनेमातलंच होतं, पण आवाज खाली आला होता. त्याने विचारलं, कोणत्या दिवशी गेले? गुरुवारी, मी म्हणालो. तो म्हणाला, दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन यायचा होता. वही मास्तरांकडे आहे, शुक्रवारी मिळेल, मग वाचून दाखवतो, असं म्हणाले होते. मी पाच शुक्रवार वाट पाहिली, सहाव्याला स्वतःच लावला... "आप मास्टरजी हैं?"

मी हो म्हणालो.

मग त्याने सगळं सांगितलं. गाडीचं काम सुटलं, घरी बसून राहवेना, म्हणून बापाची भट्टी त्याने परत बांधली होती. दगड, राख, तांबं याचा अंदाज शेजारच्या एका म्हाताऱ्याला होता, तेवढं जमलं. फुंकायलाही तो पडत-झडत शिकला. पण ग्लास तयार झाल्यावर ते लगेच बाहेर काढत नाहीत. भट्टीच्या अंगाला एक कोनाडा असतो, त्यात ठेवून तोंड मातीने लिंपतात, म्हणजे काच सावकाश निवते. नासिर तोंड उघडायचा आणि ग्लास तडकायचे. कधी उघडल्याबरोबर, कधी हातात घेतल्यावर. चार महिने एकही ग्लास टिकला नव्हता. त्याने खाली टोपलीत साठलेले निळे तुकडे दाखवले. या वेळी शेवटचा कोनाडा भरलाय, म्हणाला, हाही गेला तर मी भट्टी मोडणार आहे. बायको म्हणते, बापाने सोडून दिलं असतं तर तूही सुटला असतास. "मास्टरजी, किती दिवस बंद ठेवायचं? अब्बा किती दिवस ठेवायचे?"

मी कपाटातून वही काढली. अक्का माझ्याजवळ येऊन बसली. पान उघडलं तसं तिला लाल रेघा दिसल्या. तिने पुढचं पान उलटलं, त्याच्या पुढचं. "हे तू खोडलंस?" एवढंच म्हणाली. मी मान खाली घालून रेघांच्या खालचं वाचायला लागलो आणि नासिरला हिंदीत सांगायला लागलो. एक दिवस. पुढच्या शुक्रवारी तीन. मग चार. मग परत दोन. नासिर लिहून घेत होता, त्याचा हात थांबला. "कौन सा सही है?" मीच समासात विचारलेला प्रश्न हजार कोसांवरून माझ्याकडे परत आला होता, आणि ज्याला उत्तर ठाऊक होतं त्याला मी बोलू दिलं नव्हतं. मी चष्मा पुसला. म्हणालो, नासिरभाई, मला यातलं कळत नाही. माफ करा.

अक्काने वही माझ्या हातातून घेतली. ती सातवीपर्यंत शिकलेली, पण दाजींचं अक्षर तिला माझ्यापेक्षा सरावाचं. बोट ठेवून ती हळूहळू वाचत गेली. मग म्हणाली, "दिवस येगळे हायेत रे. पण प्रत्येक शुक्रवारी गाल टेकवलाय की." मी पाहिलं. खरंच होतं. 'उस्तादांनी लिंपणावर गाल टेकवला, मग उघडलं.' पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढे तेच. मी ते वाक्य पुनरुक्ती म्हणून दर वेळी खोडलं होतं, वर आडवी रेघही मारली होती. आणि एका शुक्रवारी दाजींनी सविस्तर लिहिलं होतं: 'विचारलं, दिवस मोजायचे का नाही? म्हणाले, दिवस वारा बघून बदलतात. माती गालाला गार पण लागू नये, गरम पण लागू नये. आपलाच दुसरा गाल वाटला पाहिजे. मामांचा गुळव्या ढेपेला असाच हात लावायचा.'

मी ते वाक्य वाक्य करून नासिरला सांगितलं. तो तोंड फिरवून बसला. मग म्हणाला, "अब्बा घरी यायचे तेव्हा त्यांच्या एका गालाला माती असायची. अम्मी रोज ओढणीने पुसायची आणि रागवायची. आम्ही हसायचो... मला वाटायचं, ते भट्टीपाशी झोपतात." अक्काने माझ्याकडे पाहिलं. तिला हिंदी बेताचंच येतं, पण हे मला तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिचे डोळे भरून आले. दाजी गेल्यापासून ती पहिल्यांदा माझ्यासमोर रडली आणि मीही रडलो. नासिरने आम्हाला रडू दिलं.

पुढच्या शुक्रवारी त्याचा फोन आला. पडद्यावर आधी ग्लासच आला, मग मागून तो. ग्लास बराच वाकडा होता, दाजींच्या ग्लासापेक्षाही. त्याने नखाने टिचकी मारून दाखवली. त्याच्या डाव्या गालाला माती होती. अक्का म्हणाली, "पूस म्हणावं ती." मी सांगितलं. त्याने हसून मान हलवली आणि पुसली नाही.

आता दर शुक्रवारी दुपारी मी सावेडीला जातो. अक्का चहा करते, माझा कपात, तिचा कपात, आणि दाजींचा ग्लास धुऊन वहीजवळ ठेवते. त्यात चहा ओतत नाही. नासिर विचारतो आणि आम्ही वाचून दाखवतो. राखेचं झालं, तांब्याचं चालू आहे. लाल रेघा रबराने पुसून पाहिल्या, तर खालचं दाजींचं शिसपेन्सिलीचं अक्षरही पुसट व्हायला लागलं. अक्का म्हणाली, राहू दे. म्हणून मी मुद्रितं तपासणाऱ्यांची रीत धरली आहे. खोडलेली ओळ परत ठेवायची असेल तर तिच्याखाली ठिपके देतात. मी एकेका ओळीखाली ठिपके देत चाललोय. गुऱ्हाळ परत आलं, मामा परत आले, प्रत्येक शुक्रवारचा प्रत्येक गाल परत आला. कधी नव्हे ते मी इतकं हळू वाचतो आहे.

गेल्या शुक्रवारी ठिपके देत देत मी माझ्या लाल रेघा संपल्या तिथवर पोचलो. पुढची वीस पानं कोरीच होती, म्हणजे माझ्या पेन्सिलीपासून कोरी. ती पहिल्यांदा वाचली. शेवटच्या पानावर उस्तादांचा निरोप घेतल्याचं लिहिलंय. उस्तादांनी विचारलं, ही वही तुझ्यानंतर कुणाकडे जाईल? दाजींनी त्यांना माझं नाव सांगितलं. खाली त्यांच्या अक्षरात आहे: 'सांगितलं, आमच्या मास्तरांकडे. ते एक अक्षर वाया जाऊ देणार न्हाईत.' मी पेन्सिल तशीच हातात धरून बसलो. त्या ओळीखाली ठिपके देण्याची गरज नव्हती. ती मी खोडलेली नव्हती. दोन वर्षांत मी तिथवर पोचलोच नव्हतो.